डॅनिश आणि उझबेक: मराठी माणसाला जवळची कोणती?

ओरेसुंडकाठी

कोपनहेगनमधल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॅनिश शेवटी आपल्याच भाषाकुलातली, जमेल हळूहळू." अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी संस्था आहे. तिच्या यादीतही डॅनिश सगळ्यात सोप्या गटात आहे आणि उझबेक (उझबेकिस्तानची, तुर्की कुलातली भाषा) 44 आठवडे लागणाऱ्या अवघड गटात. पण ती यादी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी केली आहे. मराठी माणसासाठी करायची झाली, तर मी हा क्रम सरळ उलटा लावेन. हा धागा त्यासाठीच.

उझबेकशी माझी ओळख डॅनिशच्याच वर्गात झाली. शेजारी उझबेकिस्तानातल्या फरगाण्याची एक बाई बसायची. फळ्यावरच्या वाक्याखाली ती उझबेक अर्थ लिहायची, मी मराठी. 'याय लेसर एन बो', म्हणजे मी-वाचते-एक-पुस्तक. तिच्या वहीत 'मेन कितॉब ओकियमान', माझ्या वहीत 'मी पुस्तक वाचते'. क्रमसुद्धा तोच. मग 'माझ्याकडे पुस्तक आहे' आलं. डॅनिशला त्यासाठी 'जवळ बाळगणे' अशा अर्थाचं वेगळं क्रियापद लागतं. उझबेकमध्ये 'मेन्दा कितॉब बॉर': माझ्याकडे, पुस्तक, आहे. 'मला आवडतं' हे 'मेन्गा यॉकादी', त्यातला 'गा' म्हणजे आपला 'ला'. 'आलीस का?' हे 'केल्दिन्गमी?', शेवटचा 'मी' म्हणजे आपला 'का'. डॅनिशमध्ये प्रश्न विचारायचा तर क्रियापद उचलून वाक्याच्या तोंडाशी आणावं लागतं.

एक शब्द जरा सोडवून पाहा: उयिमिझदागिलारगा. उय म्हणजे घर, इमिझ म्हणजे आमचं, दा म्हणजे 'त', गि म्हणजे 'ल', लार हे अनेकवचन, गा म्हणजे 'ला'. आता मराठी घ्या: आमच्या घरातल्यांना. घर, त, ल्या, अनेकवचनाचा अनुस्वार, ना. फक्त 'आमच्या' पुढे गेलं, बाकी डबे त्याच क्रमाने जोडलेले. डॅनिशमध्ये हेच सांगायला चार-पाच सुटे शब्द लागतात.

डॅनिशशी आपलं नातं खरं आहे, ते मी नाकारत नाही. दार म्हणजे 'डॉर', नाव म्हणजे 'नाउन', गाय म्हणजे 'को', बैलाच्या मानेवरचं जू म्हणजे 'ऑव'. पण हे नातं इतकं जुनं आहे की शिकताना त्याचा हात धरता येत नाही. इतरांचा अनुभव काय?

समरकंदी

मी समरकंदला वैद्यकीय शिक्षण घेतोय, मूळचा जालन्याचा. धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही मुख्य गोष्ट अजून सांगितलीच नाही: उझबेकची जोडक्रियापदं.

बॉरिब केल्दिम: जाऊन आलो.
ऑलिब केल: घेऊन ये.
यॉझिब बेर: लिहून दे.
यॉझिब ऑल: लिहून घे.
यॉझिब कोय: लिहून ठेव.
ओकिब कोर: वाचून बघ.
येब बोल्दिम: खाऊन झालं.

'इब' म्हणजे आपला 'ऊन'. पुढचं क्रियापदसुद्धा तेच: देणे, घेणे, ठेवणे, बघणे, होणे. 'लिहून ठेव' मधलं 'ठेव' का, 'वाचून बघ' मध्ये डोळ्यांनी काय बघायचं, हे इंग्रजी किंवा रशियन मातृभाषेच्या मुलांना समजावताना शिक्षकांना बराच वेळ लागतो. आम्ही मराठी आणि हिंदीवाली मुलं ते ऐकताक्षणी वापरायला लागतो.

दवाखान्यात तर फारच उपयोग होतो. पेशंट म्हणतो 'बॉशिम ऑग्रियाप्ती', माझं डोकं दुखतंय. डोकं हा कर्ता, दुखणं त्याचं. डॅनिशमध्ये कसं म्हणतात हो?

ओरेसुंडकाठी

@समरकंदी, डॅनिशमध्ये 'माझ्याजवळ डोक्यात दुखणं आहे' अशी रचना होते. पुन्हा तेच 'जवळ असणे'. तुमची यादी मी छापून ठेवणार आहे.

अनघड

विषय छान आहे, पण जरा सावध राहू या. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम जपानी, कोरियन, तमिळ, तुर्की सगळ्यांत आहे. ज्या भाषेत क्रियापद शेवटी येतं तिच्यात बहुधा शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, हेही ओघाने येतं. म्हणजे उझबेक मराठीच्या खास जवळची नाही, जगातल्या दोन मोठ्या गटांपैकी दोघी एका बाजूला पडल्या, इतकंच. दुसरं, अशा धाग्यांवर 'सगळं आपल्याकडूनच गेलं' म्हणणारे लवकरच येतात, त्यांना आयतं निमित्त मिळायला नको.

भाषेची_वाट

अनघड यांचा इशारा रास्त आहे. पण 'इतकंच' या शब्दाशी मी सहमत नाही.

भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी 1976 साली दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्रावर जे काम प्रसिद्ध केलं, त्यात हीच लक्षणं नकाशावर मांडली: 'ऊन'सारखी पूर्वकालवाचक रूपं, 'मला आवडतं' सारख्या रचना, 'देणे-घेणे' जोडलेली क्रियापदं. ती भारताच्या सीमेवर थांबत नाहीत, वर मध्य आशियात पसरलेली दिसतात. शेजारी राहून, व्यापारातून, दोन-दोन भाषा बोलणाऱ्या घरांतून भाषा एकमेकींसारख्या होतात. त्याला वंश एक असावा लागत नाही.

याचा पुरावा समरकंदी यांच्या दारातच आहे. समरकंद आणि बुखाऱ्यात कितीतरी घरांत ताजिक बोलतात. ताजिक ही फारसीची बहीण, म्हणजे आपल्या कुलातली. तिने उझबेकच्या शेजारात राहून 'नविश्ता दॉदान' अशी रूपं घेतली. शब्दशः 'लिहून देणे'. इराणच्या फारसीत या अर्थाने ही रचना नाही. भाषा कुलातली असूनही तिला ही लकब शेजारणीने दिली.

आणि 'म्हणून'चं काय करायचं? 'पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली.' उझबेक: 'यॉमगिर यॉगादी देब सॉयाबॉन ऑल्दिम.' 'देब' हे 'म्हणणे' या क्रियापदाचं 'ऊन'वालं रूप, म्हणजे अक्षरशः 'म्हणून'. 'काय म्हणून?' यालाही 'निमा देब?' आहे. शिवाय ऐकीव गोष्टीसाठी 'एमिश' आहे: 'केलार एमिश', येणार म्हणे. इतकं बारीक जुळतं तेव्हा नुसत्या शब्दक्रमाकडे बोट दाखवून भागत नाही.

डॅनिशच्या बाजूने एक नोंद: तिथेही 'म्हणे'साठी सोय आहे. 'तो श्रीमंत आहे म्हणे' याला ते 'हॅन स्कॅल वेर री' म्हणतात, क्रियापद मात्र 'असायला हवं' या अर्थाचं.

अनघड

'देब' आणि 'म्हणून' हे मला माहीत नव्हतं. ताजिकचं उदाहरण पटलं. तरी एक म्हणेन: मराठीला हे 'म्हणून' द्राविडी शेजारातून मिळालं असावं असं अभ्यासक मानतात, कानडीतला 'एंदु' तसाच आहे. म्हणजे उझबेककडून मराठीत थेट काही आलं असं कुणी समजू नये. दोन्ही टोकं एका लांब पट्ट्यावर आहेत.

भाषेची_वाट

अगदी मान्य.

सातारी_मास्तर

मी शाळेत गणित शिकवत होतो. डॅनिशची बाजू कुणीच घेत नाही, म्हणून लिहितो.

डॅनिश लोक पन्नासला 'हॅल्त्रेस' म्हणतात. मूळ पूर्ण रूप 'हॅल्त्रेसिन्स्त्यूव': 'अर्धा-तिसरा' गुणिले वीस. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा, अडीच. अडीच विसा पन्नास. साठ 'त्रेस', तीन विसा. सत्तर 'हॅल्फ्येर्स', अर्धा-चौथा, साडेतीन विसा. ऐंशी 'फिर्स', चार विसा. नव्वद 'हॅल्फेम्स', साडेचार विसा. दीडला ते 'हॅलॅनन' म्हणतात, म्हणजे अर्धा-दुसरा.

स्वीडन-नॉर्वेचे शेजारी या आकड्यांनी हैराण होतात. मराठी माणसाने मात्र हे ओळखायला हवं. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय' पासून आला: अर्धा-तिसरा! 'दीड'च्या मागेही 'दोन' आणि 'अर्ध' आहेत. साडेतीनसाठी आपल्याकडे 'औट' हा शब्द होता, तो 'अर्धचतुर्थ' पासून: अर्धा-चौथा. संतांच्या अभंगात देहाला 'औट हात' म्हटलेलं सापडतं ते हेच. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. माझ्या वडिलांना औटकी घडाघडा येत असे. आणि विसांत मोजणंही आपल्याला नवं नाही. खेड्यात जुन्या बायका 'तीन इसा' म्हणजे साठ असंच मोजत.

म्हणून डॅनिश सत्तर म्हणजे 'औट विसा'. हे कळल्यावर तो आकडा पुन्हा विसरणार नाही. उझबेकला असं काही नाही, तिथे साडेतीन म्हणजे 'उच यारिम', तीन-अर्धा, सरळ.

ओरेसुंडकाठी

मास्तर, हात जोडते. इथल्या शिक्षकांनीही आम्हाला हे आकडे नुसते पाठ करा म्हणून सांगितलं होतं. आता एक भर घालते: रोजच्या बोलण्यात 'हॅल्त्रेस' इतकंच उरलं आहे, पण 'पन्नासावा' म्हणताना आजही ते लांबलचक 'विसाने गुणून' असलेलं रूपच वापरावं लागतं. त्यामुळे ही रचना मेलेली नाही.

फ्योर्डकडे

आकड्यांवरून आठवलं. डॅनिशमध्ये बावन्न म्हणताना दोन आधी, पन्नास नंतर. आपल्यासारखंच. नॉर्वेतही पूर्वी 'एक आणि वीस' असंच होतं. टेलिफोन क्रमांक सांगता-ऐकताना घोटाळे होतात म्हणून तिथल्या संसदेने ठरवून 1951 पासून 'वीस एक' अशी पद्धत लागू केली. म्हातारी माणसं अजून जुनंच बोलतात, अनेकजण दोन्ही मिसळतात.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. उझबेक मुलं जन्मापासून तसंच मोजतात: 'यिगिर्मा बिर', वीस एक. त्यांना शंभर आकड्यांसाठी वीसही शब्द पाठ करावे लागत नाहीत. आपल्या मुलांना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी या वाटेने जाताना किती त्रास होतो ते मी घरी रोज पाहते. तरी मला आपली रूपं सोडवत नाहीत. मास्तर, तुमचं मत?

सातारी_मास्तर

पोराला दोन्ही सांगावं. हिशेब समजण्यापुरतं वीस एक, बोलायला एकवीस. नॉर्वेची मुलंही शेवटी दोन्ही कानांवर घेऊनच वाढतात.

पेठेतली_सून

शब्दांबद्दल कुणीच बोललं नाही. समरकंदी, तुमच्याकडे फारसी-अरबी शब्द किती आहेत? आपल्या मराठीतही शिवकाळापर्यंत आणि नंतर बरेच होते.

समरकंदी

खूप आहेत. बाजार म्हणजे 'बॉझॉर', शहर म्हणजे 'शाहार', हवा म्हणजे 'हावॉ', खबर, जबाब, सवाल, तयार, दोस्त, रंग. फक्त 'आ' तोंडात गोल होऊन 'ऑ'कडे जातो, तो कानाला लागला की निम्मा बाजार समजतो. काही शब्दांनी मात्र अर्थ बदललेत. 'दफ्तर' म्हणजे वही. 'हाफ्ता' म्हणजे आठवडा. 'साब्झी' म्हणजे फक्त गाजर, त्याशिवाय पुलाव होत नाही. हवामानाला 'ऑब-हावॉ', पाणी आणि हवा. आपण हवापाणी म्हणतो, क्रम तेवढा फिरलाय.

'खाना' तर जागोजागी. औषधाचं दुकान 'दॉरीखॉना', स्वयंपाकघर 'ऑशखॉना'. आपला दवाखाना, कारखाना, जामदारखाना याच घरचे. उझबेकचा स्वतःचा तुर्की प्रत्यय 'ची' आहे: 'इश' म्हणजे काम, 'इशची' म्हणजे कामगार. 'नगारची', 'मशालची' मधला 'ची' हाच.

आणि माझं सगळ्यात आवडतं: 'चॉय-पॉय'. चहाबिहा! अर्थ, वापर, लय, सगळं तेच.

भाषेची_वाट

नगारचीवरून अलीशेर नवाई आठवला. हेरातचा कवी (1441–1501), आजच्या उझबेकची पूर्वज असलेल्या चगताई तुर्कीत लिहिणारा. त्या काळी शिकलेला माणूस फारसीतच लिहायचा. नवाईने 1499 साली 'मुहाकमतुल-लुगतैन' लिहिलं: तुर्की आणि फारसी या दोन भाषांचा निवाडा. त्यात फारसीत जोड नसलेली शंभर तुर्की क्रियापदं त्याने यादी करून मांडली. आपल्या लोकांच्या भाषेची बाजू इतक्या पोटतिडकीने घेतलेली पाहिली की मराठी वाचकाला तो माणूस परका वाटत नाही. अंदिजानमध्ये 1483 साली जन्मलेल्या बाबराने आपलं आत्मचरित्रही याच भाषेत लिहिलं.

मोडीप्रेमी

लिपीबद्दलही लिहा कुणीतरी. उझबेकच्या लिप्या किती बदलल्या!

समरकंदी

1920 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अरबी, मग 1929 पासून रोमन, 1940 पासून रशियन अक्षरं, स्वातंत्र्यानंतर 1993 च्या कायद्याने पुन्हा रोमन, तीही 1995 मध्ये सुधारली. ओ आणि ग यांच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी खूण देतात, ती संगणकावर दर वेळी वेगळी टंकली जाते. माझ्या घरमालकीण आजी किराण्याची यादी रशियन अक्षरांत लिहितात, त्यांचा नातू रोमनमध्ये. आजींच्या वडिलांची जुनी वही अरबी लिपीत आहे, ती घरात कुणालाच वाचता येत नाही.

मोडीप्रेमी

हे वाचून पोटात कालवलं. आपल्या घरोघरीही मोडीतले कागद असेच पडून आहेत. पणजोबांच्या हातचं खतपत्र आणि वाचणारा कुणी नाही. फरक इतकाच की आपल्याकडे देवनागरी आधीपासून सोबत होती, त्यामुळे पोथ्या हातातून गेल्या नाहीत. उझबेकांच्या तर एका आयुष्यात तीन लिप्या झाल्या. ज्यांच्याकडे घरात जुने कागद आहेत त्यांनी निदान त्यांचे नीट फोटो काढून ठेवावेत.

ओरेसुंडकाठी

डॅनिशमध्ये 1948 ची सुधारणा मोठी मानतात. नामांची पहिली अक्षरं मोठी लिहिणं बंद झालं आणि दोन 'ए'च्या जागी डोक्यावर गोल असलेला एकच 'ए' आला. तरी ऑर्हूस शहराने 2011 पासून आपल्या नावात पुन्हा दोन 'ए' घेतले.

लिपी सोपी, पण लिहिलेलं आणि बोललेलं यांत फार अंतर आहे. शब्दाचा शेवट गिळतात. 'द' जिभेच्या टोकावर इतका सैल होतो की आपल्या कानाला तो 'ल' वाटतो. 'स्तॉद' नावाची एक घशातली अडवणूक आहे, तिच्यावर अर्थ फिरतो: 'हुन' म्हणजे ती, त्यातच घसा क्षणभर आवळला तर कुत्रा. स्वर तर वीसच्या वर. ओडेन्सेच्या विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की डॅनिश बाळांना सुरुवातीचे शब्द उमगायला इतर काही भाषांच्या बाळांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचं एक कारण हे गिळलेले उच्चार असावेत. उझबेकचे स्वर सहा.

लिंगाच्या बाबतीत मात्र आपण वरचढ. आपल्याला तीन लिंगांची सवय, डॅनिशमध्ये दोन. फरगाण्याची ती मैत्रीण नेमकी इथेच अडखळायची. उझबेकमध्ये तो, ती, ते सगळ्यांना एकच 'उ'. ती सासूबद्दल बोलताना 'तो' म्हणायची आणि शिक्षिका दर वेळी थांबवायच्या.

पेठेतली_सून

सासूवरून विचारते, नात्यांना शब्द आहेत का? इंग्रजीत सगळ्यांना एकच अंकल-आंटी.

ओरेसुंडकाठी

डॅनिशमध्ये आहेत, आणि फार सुरेख आहेत. आत्या 'फास्टर', मावशी 'मोस्टर', काका 'फारब्रोर', मामा 'मोरब्रोर'. आईची आई 'मोरमोर', वडिलांचे वडील 'फारफार'. माझी लेक इथे मोस्टर आणि फास्टर या शब्दांत कधीच गोंधळली नाही, कारण घरी मावशी आणि आत्या वेगळ्याच होत्या.

समरकंदी

उझबेकमध्ये काका 'अमाकी', मामा 'तॉगा', आत्या 'अम्मा', मावशी 'खॉला'. शिवाय मोठा भाऊ 'अका', धाकटा 'उका', मोठी बहीण 'ऑपा', धाकटी 'सिंगिल'. वयाचा मान फार. रिक्षावाल्यालाही 'अका' म्हणायचं. आई-वडिलांना 'सिझ', म्हणजे तुम्ही. 'बाबा आले' हे 'दादाम केल्दिलार', आपल्यासारखंच आदरार्थी अनेकवचन क्रियापदाला.

ओरेसुंडकाठी

आणि इथे 1970 च्या दशकापासून 'तुम्ही' जवळजवळ गेलंच. शिक्षकांना, साहेबांना, शेजारच्या आजोबांना, सगळ्यांना 'डू'. सुरुवातीला माझी जीभ रेटत नसे. नव्या आलेल्या मंडळींना सांगते: इथे त्यात अनादर अजिबात नसतो, 'तुम्ही' म्हटलंत तर समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं.

इतिहासातून

डेन्मार्कचा आणि मराठीचा एक जुना धागा कुणी सांगितला नाही. कलकत्त्याजवळचं श्रीरामपूर 1755 ते 1845 डॅनिशांकडे होतं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली तिथल्याच मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं, पुढे 1810 मध्ये कोशही. म्हणजे मराठीचं छापील व्याकरण डॅनिश झेंड्याखाली निघालं. केरीला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित यांचं नाव त्यासोबत घ्यायलाच हवं.

दुसरं, रास्मुस रास्क (1787–1832). युरोपीय भाषांतल्या वर्णबदलांचे नियम 1818 च्या निबंधात मांडणारा डॅनिश पंडित. पद–'फोद', दंत–'टॅन', श्वान–'हुन' अशा जोड्या आज आपण लावू शकतो त्या याच वाटेने. हा माणूस रशिया आणि इराणमार्गे 1820 मध्ये मुंबईला पोचला आणि पारशांकडून अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथाची हस्तलिखितं घेऊन गेला. ती कोपनहेगनच्या संग्रहात गेली. 1826 साली त्याने अवेस्तेच्या भाषेचं वय आणि अस्सलपणा यांवर लिहिलं.

अनघड

रास्क मुंबईत आला होता हे इथे वाचायला मिळालं, धागा वसूल.

नवी_पाहुणी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर कोपनहेगनला जातेय. तुम्ही म्हणता तशी डॅनिश मराठी माणसाला अवघड असेल, तर सुरुवात कुठून करू? व्याकरणाचं पुस्तक घेऊ का?

ओरेसुंडकाठी

व्याकरण थोडंच आहे. क्रियापद मी, तू, ती, आम्ही सगळ्यांना एकच. एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. 'आज मी घरी जाते' हे 'आज जाते मी घरी' असं होतं. आणि प्रत्येक शब्दाचं लिंग शब्दासोबतच पाठ करा. घर 'हूस', ते घर 'हूसेद', गाडी 'बील', ती गाडी 'बीलेन', प्रत्यय मागे लागतो. मागे प्रत्यय लावायची सवय आपल्याला आहेच, तेवढं सोपं जाईल.

खरा वेळ कानाला द्या. लहान मुलांसाठीच्या बातम्या आणि रेडिओ रोज ऐका, समजत नसलं तरी, आणि लिहिलेलं समोर ठेवून ऐका. इथे पोचलात की पालिकेच्या मार्फत भाषाशाळेत नाव घाला, लांबणीवर टाकू नका. दुकानात लोक लगेच इंग्रजीवर येतात, तेव्हा तुम्ही डॅनिशच चालू ठेवा. पहिले आकडे मास्तरांच्या पोस्टवरून करा.